डॉक्टर लॅपटॉपमध्ये बघून आजार सांगतात, विश्वास ठेवायचा का?

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. दोन वर्षं झाली, नाकातून रक्त येतं, पोट पुढे आलंय, रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठतो. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं, जंताचं औषध झालं, फरक शून्य. आता पुण्याला दाखवलं तर मॅडम म्हणाल्या पाणथरी (प्लीहा) खूप वाढलीय, मग आमच्यासमोरच लॅपटॉपवर लक्षणं टाईप केली आणि गोशे नावाच्या आजाराची टेस्ट करा म्हणाल्या. सासरे म्हणतात, डॉक्टरला स्वतःला कळत नाही म्हणून कॉम्प्युटरला विचारते. टेस्ट करू का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, करा, आणि थांबू नका. सासऱ्यांची काळजी मला कळते पण त्यांना सांगा की या मॅडम तुम्हाला चांगल्या भेटल्यात. गोशे हा एक दुर्मिळ आजार आहे, शरीरातलं एक एन्झाइम, म्हणजे चरबीसारखे पदार्थ मोडणारं रसायन, कमी पडल्यामुळे होणारा. असे दुर्मिळ आजार एकदोन नव्हेत, ७ हजारांच्या आसपास आहेत, त्यातले कितीतरी एखाद्या डॉक्टरला आयुष्यभरात एकदाही बघायला मिळत नाहीत, मग ते लक्षात राहणार कसे?

पाणथरी वाढली की आम्ही आधी मलेरिया, थॅलेसेमिया, रक्ताचा कॅन्सर हे बघतो, आणि ते बघायलाच पाहिजे. कॉम्प्युटर पुढचं काम करतो. नाकातून रक्त येणारी मुलं कमी नाहीत, पाय दुखणारी तर घरोघरी, पण मोठी पाणथरी, कमी प्लेटलेट, हाडं दुखणं हे सगळं एकाच मुलात असेल तर आजारांची यादी एकदम आखूड होते. त्यासाठी २००८ पासून लक्षणांचा एक मोठा शब्दकोश तयार होत आलाय, बर्लिनच्या डॉक्टरांनी सुरू केलेला, म्हणजे एकाने ‘पोट मोठं’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘पोट फुगलंय’ लिहिलं तर मशीनचा गोंधळ होऊ नये, प्रत्येक लक्षणाला एक ठरलेलं नाव. एक्सोमायझरसारखं सॉफ्टवेअर तर ही लक्षणं आणि पेशंटच्या जीन्सचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघतं.

पण मशीन यादीच देतं हो. गोशे आहे की नाही ते रक्तातल्या एन्झाइमच्या टेस्टवरूनच ठरतं. आणि आई म्हणून तुमचं काम इथे सगळ्यात मोठं आहे, कारण जे सांगितलं जात नाही ते टाईप होत नाही.

माझ्याच ओपीडीतली गोष्ट सांगते. एक मुलगा सारखा कान फुटतो म्हणून यायचा, मी कानाचं औषध लिहून द्यायचे. हर्नियाचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, ते मला माहीतच नव्हतं. एकदा आजी सहज बोलून गेली की याला भाकरीचा तुकडा नीट मोडता येत नाही, बोटं सरळच होत नाहीत. मी त्याचा हात माझ्या तळहातावर सपाट ठेवायला गेले तर बोटं आकड्यासारखी वाकलेलीच राहिली. कान, हर्निया, बोटं तिन्ही एकत्र टाकल्यावर यादीत वरच एमपीएस (म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस, हाही एन्झाइम कमी पडण्याचाच दुर्मिळ आजार) आला आणि टेस्टमध्ये तोच निघाला. तेव्हा ताई, एका कागदावर सगळं लिहून न्या, कितीही किरकोळ वाटलं तरी, अगदी घरात नात्यात लग्नं झालीत का, कुणाचं मूल लहानपणी गेलं का, हेसुद्धा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरून घरी बसू नका. गोशेवर १९९१ पासून एन्झाइमचं औषध आहे, साधारण दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून देतात. महाग आहे, खूपच. पण २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात दुर्मिळ आजारांसाठी ठरलेल्या केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, मुंबईचं केईएम त्यातलंच एक, तिथे जाऊन चौकशी करा.

प्रश्न : भाचीचा चेहरा जरा वेगळा आहे, बोलायलाही उशीर होतोय. फोटोवरून आजार ओळखणारं अ‍ॅप असतं म्हणे, मी घरीच फोटो टाकून बघू का? – एक मामा, ठाणे

उत्तर : दादा, नको. फेसटूजीन नावाचं जे आहे ते डॉक्टरांसाठी आहे. २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्याला १७ हजारांवर फोटो दाखवून शिकवलं होतं आणि चाचणीत ९१ टक्के वेळा बरोबर आजार पहिल्या १० नावांत आला. ऐकायला भारी वाटतं, पण ती १० नावं असतात, एक नाही, आणि त्या १० नावांवर घरातल्यांची झोप उडते. शिवाय कुणाचे चेहरे बघून शिकलंय यावर खूप अवलंबून असतं. २०१७ च्या एका अभ्यासात डाउन सिंड्रोमची बेल्जियमची मुलं त्याने ८० टक्के ओळखली, काँगोची फक्त ३७ टक्के, नंतर तिथले फोटो शिकवल्यावर आकडा ९५ च्या जवळ गेला. आपल्या मुलांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवायला हवं.

भाचीला आधी कानाची तपासणी करा, ऐकू कमी येत असेल तरी बोलणं लांबतं. मग जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे न्या, जाताना तिचे लहानपणापासूनचे फोटो आणि आईवडिलांचे त्या वयातले फोटो घेऊन जा. पुष्कळदा तो ‘वेगळा’ चेहरा आजोबांचाच असतो, आणि ते डॉक्टरला जुना अल्बम बघूनच कळतं.