तुमच्या कुत्र्याचं मूळ काम कोणतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दवाखान्यात रोज एक वाक्य कानावर पडतं: 'डॉक्टर, याला ही खोड कुठून लागली कळत नाही हो.' मी उलट विचारतो, याच्या पणजोबाचं काम काय होतं माहीत आहे का? या वेळी आलेल्या पत्रांमधून असेच काही प्रश्न निवडले आहेत.

आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा, वजन 41 किलो. जेवण झालं की पाच मिनिटांत पुन्हा ओट्यापाशी हजर. पावसात डबकं दिसलं की लोळलाच. चपला, रिमोट तोंडात धरून घरभर फिरतो, पण फोडत मात्र नाही. काय करावं? – ठाणे

नाव लॅब्रॅडॉर असलं तरी याचं गाव शेजारचं, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं न्यूफाउंडलंड बेट. तिथल्या कोळ्यांच्या होड्यांवर 'सेंट जॉन्स वॉटर डॉग' नावाची कुत्री असायची. गळातून निसटलेला मासा पकडून आणायचा, जाळ्याची दोरी तोंडात धरून पोहत यायचं, हे त्यांचं काम. त्या गारठ्यात लांब केसांवर बर्फ धरतो, म्हणून आखूड, दाट, तेलकट केसांची कुत्री टिकली. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या जहाजांबरोबर ती इंग्लंडात उतरली. तिथल्या माल्म्सबरी आणि बक्लू या उमराव घराण्यांनी ती जोपासली आणि बंदुकीनं पाडलेली बदकं आणायच्या कामाला लावली. दात लागलेला पक्षी ताटात वाढता येत नाही, त्यामुळे हलक्या तोंडाची कुत्री निवडली गेली. तुमचा रिमोट शाबूत राहतो तो त्यामुळेच!

आता भुकेचं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. मदतनीस म्हणून शिकवलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये तर हे प्रमाण आणखी जास्त. खाऊसाठी वाट्टेल ते शिकणारा कुत्रा शिकवायला सोपा, त्याचाच हा परिणाम असावा. तेव्हा त्याला हावरट म्हणून रागावू नका, पण त्याच्या डोळ्यांकडे बघून पोळीही टाकू नका. जेवण वजनकाट्यावर मोजा. त्यातलं निम्मं वाडग्यात न घालता कामाच्या बदल्यात द्या: ओला टॉवेल फेकायचा, त्यानं आणायचा, मूठभर खाणं मिळवायचं. 41 किलो त्याच्या गुडघ्यांना आणि खुब्यांना झेपणारे नाहीत. आणि डबक्यांची आवड आहे तर लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी चुकवू नका.

आमची डॅशहंड गादी, उशा उकरते. बेल वाजली की एवढ्याशा देहातून केवढा आवाज! – पुणे

जर्मन भाषेत डाक्स म्हणजे बॅजर आणि हुंड म्हणजे कुत्रा. बॅजर हा जमिनीत खोल बिळं करून राहणारा, दातानखांनी चिवट झुंजणारा प्राणी. त्याच्या बिळात शिरून, अंधारात एकटीनं त्याला अडवून धरायचं हे तुमच्या डॅशहंडच्या घराण्याचं काम. म्हणून पंजे फावड्यासारखे, छाती खोल, आणि आवाज असा की जमिनीवर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला खालून कळावं कुठे खणायचं. बिळात मालकाला विचारायची सोय नसते, त्यामुळे ही कुत्री आपल्याच मनाची. तिला हट्टी म्हणतात, मला ते आवडत नाही.

उकरण्यासाठी तिला तिची जागा द्या. एका खोक्यात जुन्या साड्यांचे तुकडे भरा आणि तळाशी खाऊ लपवा. माझ्याकडे येणारी एक डॅशहंड अशा खोक्यात डोकं खुपसून, मागचे पाय ताणून अर्धा तास कामात गुंग असते, फक्त शेपटी तेवढी बाहेर हलत असते.

एक मात्र कळकळीनं सांगतो. हे आखूड पाय ज्या जनुकीय बदलांतून येतात, त्यांच्याबरोबरच पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात. दिवाणावरून एक उडी आणि मागचे पाय लुळे, असं मी अनेकदा पाहिलं आहे. सोफ्याला उतरती फळी लावा, वजन वाढू देऊ नका, उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. चाल डगमगली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाबा 'अल्सेशियन' म्हणतात, आम्ही जर्मन शेफर्ड. वेगळे आहेत का? शिवाय तो अंगणात खेळणाऱ्या मुलांभोवती सारखा फेऱ्या मारतो. – सांगली

कुत्रा एकच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' शब्द कुणाला नको होता, म्हणून त्याचं अल्सेशियन केलं. मूळ नाव तिथे पूर्णपणे परत आलं ते 1977 मध्ये, पण तोवर आपल्याकडे दोन पिढ्यांच्या तोंडी अल्सेशियन बसलं होतं. बाबांना चूक म्हणू नका.

घोडदळातून निवृत्त झालेले कप्तान माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी 1899 मध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला आणि त्याचं नाव होरांड ठेवलं. या जातीच्या वंशावळीत पहिली नोंद त्याची. आपल्या धनगरांच्या वाड्यावरचं कुत्रं लांडग्यावर डोळा ठेवतं, तर या कुत्र्याचा डोळा मेंढ्यांच्या तोंडावर. जर्मनीत उभ्या पिकांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर मेंढ्या चरायच्या, मध्ये कुंपण नाही. कुत्रा दिवसभर बांधाच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा आणि पिकात तोंड घालणाऱ्या मेंढीला आत ढकलायचा. चालतं कुंपणच म्हणा ना! तुमच्या अंगणात मुलं मेंढ्या झाली आहेत, एवढंच. फेऱ्या मारू द्या. पळणाऱ्या मुलाच्या टाचेला तोंड लावायला लागला तर मात्र खेळ थांबवा, त्याला जवळ बोलवा, बसायला सांगा आणि बक्षीस द्या. रोज तासभर चालणं आणि डोक्याला काम मिळालं की हे कमी होतं.

हस्की घ्यायचा आहे. घरात एसी आहे. – नागपूर

घेऊ नका. ईशान्य सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी हलकं ओझं ओढत बर्फावरून लांबच लांब धावायला ही कुत्री वाढवली. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा बर्फगाड्यांचे 20 गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी मिळून साधारण 1,085 किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत औषध पोहोचवलं. त्यात सैबेरियन हस्की होते. अशा जनावरानं मे महिन्यात 45 अंशांत एसीच्या खोलीत पडून राहायचं, वीज गेली की धापा टाकायच्या, हे मला बघवत नाही.

आमच्या आजीकडचा 'पामेरियन' चांगला मोठा होता. आता दुकानात दिसतात ते मुठीएवढे. – कोल्हापूर

आजीकडचा बहुधा इंडियन स्पिट्झ असणार, आपल्याकडे सर्रास त्यालाच पामेरियन म्हणत आले. खऱ्या पोमेरेनियनचे पूर्वजही मोठेच होते, बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांतातले. राणी व्हिक्टोरियानं 1888 मध्ये फ्लोरेन्सहून लहान चणीचा मार्को आणला, आणि मग लहानाहून लहान पैदास करण्याची चढाओढ लागली.

घरात लहान मुलं आहेत. ब्रीड बघून स्वभावाची खात्री देता येते का? – छत्रपती संभाजीनगर

नाही. 18,000 हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकाचा जेमतेम 9 टक्के भाग ब्रीडवरून सांगता येतो. मूळ कामाकडे कल असतो, पण प्रत्येक पिल्लू वेगळं. त्याची आई बघा, ती माणसांशी कशी वागते ते बघा. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.

शेतावर कारवानी जोडी आहे. पाहुणे म्हणतात, उपाशी ठेवता का? पुण्याचा मुलगा म्हणतो, हे गावठी देऊन टाका, मी 'प्युअर ब्रीड' आणतो. – लातूर जिल्हा

दादा, देऊ नका. तुमच्या दारात जे आहे, ते बघायला लोक लांबून येतात.

कुत्र्यांची प्रदर्शनं इंग्लंडात सुरू झाली 1859 मध्ये, जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला 1873 मध्ये. 'प्युअर ब्रीड'चे कागद त्यानंतरचे. कारवानीचे नातेवाईक म्हणजे अरबी सलुकी आणि मध्य आशियातली ताझी, दोन्ही सडपातळ, वेगानं धावणारी शिकारी कुत्री. व्यापाऱ्यांच्या, फौजांच्या काफिल्यांबरोबर ती दख्खनेत आली, म्हणून नाव कारवानी. मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी आणि भटक्या लोकांनी कागदाशिवाय त्यांची पैदास राखली. कसोटी एकच: सशामागे सुटल्यावर कोण पोहोचतो. उत्तर कर्नाटकातल्या मुधोळचे राजे घोरपडे यांनी त्यांची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली. त्या भागात याच कुळाला मुधोळ म्हणतात, आणि 2005 मध्ये मुधोळ कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या यादीत 'कॅरव्हान हाउंड' आहे, मुलाला कागद हवा असेल तर तोही मिळेल.

सुडौल कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पाहुण्यांना तो कुत्रा धावताना दाखवा. तूर काढलेल्या रानात सकाळी सोडला की पाठ धनुष्यासारखी वाकते, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, आणि मधल्या एका क्षणी चारही पाय हवेत असतात. निमुळत्या डोक्यामुळे डोळे बाजूला, त्यामुळे मान न वळवता अर्ध्याहून जास्त रान दिसतं. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, त्यात त्याचा दोष नाही, पाहुण्यांनाच सांगून ठेवा.

सशाची शिकार आता कायद्यानं बंद आहे. तेव्हा धाव हवी तर कापडाची चिंधी दोरीला बांधून ओढा. दिवसभर साखळीला बांधून ठेवू नका. अंगावर चरबी नसते, थंडीत रात्री गोणपाटाचं अंथरूण द्या. आणि कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा की हा कारवानी आहे. या शरीरावर भुलीच्या काही औषधांचा अंमल जास्त वेळ राहतो, औषध आणि मात्रा त्याप्रमाणे निवडावी लागते.