येशूच्या हाकेला ‘थोडं थांबून’ उत्तर दिलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूचं चरित्र) वाचताना ‘माझ्यामागे या’ हे आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं, पण आईवडिलांची जबाबदारी आहे, शंकाही आहेत. मग आणखी वाचून, पुरती खात्री करून घेऊन पाऊल टाकलं तर चुकेल का?

माझ्या मते थांबू नका. फक्त ‘लगेच’ काय करायचं, यात पुष्कळांची गल्लत होते.

मार्क 1:16-20 एवढंच वाचलं तर वाटतं, शिमोन आणि अंद्रिया या कोळी भावांनी कुणा अनोळखी माणसाच्या शब्दावर जाळी सोडून दिली. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय जोडीला घ्या. अंद्रिया येशूबरोबर एक दिवस राहून आला होता, भावालाही त्याच्याकडे घेऊन गेला होता. ओळख होती, विचाराला अवधी मिळाला होता. हाक आल्यावर मात्र त्यांनी मुदत मागितली नाही. घरदारही वाऱ्यावर सोडलं नाही. याकोब आणि योहान हे दुसरे भाऊ निघाले तेव्हा त्यांचे वडील जब्दी यांच्याजवळ मजूर होते, हे मार्क आवर्जून सांगतो. त्याच अध्यायात येशू शिमोनाच्या घरी जाऊन त्याच्या सासूचा ताप घालवतो. देवाला वाहिलं असं म्हणून आईबापांचं देणं टाळणाऱ्यांना तर त्यानं मार्क 7 मध्ये चांगलंच खडसावलंय. तेव्हा आईवडिलांना सांभाळणं ही तुमची अडचण नव्हेच.

मग लूक 9 मध्ये घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्याला ‘नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्यासाठी योग्य नाही’ हे कडक उत्तर का? एलीया संदेष्ट्यानं बोलावलं तेव्हा शेत नांगरणाऱ्या अलीशानंही त्याच्याकडे हेच मागितलं होतं (1 राजे 19). पण तो परत गेला आणि त्यानं बैलांची जोडी कापली, औताच्या लाकडावर मांस शिजवून लोकांना वाढलं. परत यायला काही शिल्लकच ठेवलं नाही. लूकमधल्या माणसाचं लक्ष मागे राहिलं होतं, असं मला वाटतं. फरक निरोपात नाही, निरोप कशासाठी घेतला त्यात आहे.

राग मानू नका, पण तुमचा प्रश्न वाचून मला अलीशापेक्षा फेलिक्स जास्त आठवला. प्रेषितांची कृत्ये 24 मधला हा सुभेदार. त्याच्या कैदेतला प्रेषित पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांबद्दल बोलू लागला तेव्हा तो घाबरला. म्हणजे वचन त्याला लागलं होतं. तरी म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावीन. आणि गंमत म्हणजे त्यानं खरंच बोलावलं, पुनःपुन्हा बोलावलं, पौलाशी गप्पा मारल्या. लाचेची आशाही होतीच. अशी दोन वर्षं गेली, त्याच्या जागी दुसरा सुभेदार आला आणि पौल कैदेतच राहिला. चालढकल बाहेरून जिज्ञासेसारखी दिसू शकते ती अशी. ‘आणखी वाचतो’ हे म्हणूनच मला जरा संशयास्पद वाटतं. बायबल वाचत राहणं हासुद्धा बायबल टाळण्याचा सभ्य मार्ग होऊ शकतो.

पुढे मोठा ख्रिस्ती धर्मविचारवंत झालेला ऑगस्टीन यातला जाणता माणूस. तरुणपणी तो प्रार्थना करायचा की मला शुद्ध कर, पण इतक्यात नको. 386 साली मिलानच्या बागेत रोमकरांस पत्र 13:13-14 वाचलं आणि पुढे वाचायची गरजच उरली नाही, असं तो स्वतः लिहितो. मात्र अध्यापनाची नोकरी त्यानं दुसऱ्या दिवशी सोडली नाही. द्राक्षहंगामाच्या सुट्ट्या जवळ आल्या होत्या, तोवर शिकवलं आणि गाजावाजा न करता बाहेर पडला. बाप्तिस्मा (पाण्यानं होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) झाला 387 मध्ये. होकार त्याच क्षणी, व्यवस्था सावकाश.

एक सावधगिरी. ‘आजच, आत्ताच’ असं म्हणत कुणी तुमच्याकडून पैसे, राजीनामा किंवा घर सोडायचं वचन मागत असेल, तर खुशाल नाही म्हणा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे येशूनंच सांगितलंय (लूक 14:28). ‘सगळं विकून माझ्यामागे ये’ हे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हाही येशूनं त्याला ओढून आणलं नाही.

आता तुमच्याबद्दल. शंका पूर्ण फिटायची वाट पाहू नका. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थित येशूसमोर उभे असतानाही काहींना शंका होतीच, आणि सर्व राष्ट्रांना शिष्य करण्याची महान आज्ञा त्यांनाही मिळाली. ज्या वचनापाशी तुम्ही थबकला असाल, त्यातलं जे कळलंय तेवढं आज करा. कुणाशी अबोला असेल तर आधी समेट कर, मग अर्पण वाहा असं सांगणारं मत्तय 5:23-24 आहेच, त्याला आज फोन करा. आईवडिलांशीही लपवाछपवी न करता बोला, मग ते काहीही म्हणोत. बाप्तिस्म्याबद्दल जवळच्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना भेटा. प्रेषितांची कृत्ये 8 मधल्या कूशी अधिकाऱ्याला वाटेतच पाणी दिसलं आणि तिथेच बाप्तिस्मा मिळाला, पण आज बऱ्याच मंडळ्या आधी काही काळ शिक्षण देतात. त्यावरून वाद घालू नका, नाव मात्र या रविवारीच द्या.