जळगावात बसचं भाडं महापालिका नाही, शेअर रिक्षा ठरवते

प्रश्न असा आहे: 'जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत सिटी बसचा खर्च तिकिटातून काढावा की करातून? घरपट्टी आम्ही भरायची आणि बसमध्ये दुसऱ्यांनी बसायचं, हे बरोबर आहे का?'

दुसरं वाक्य वाचलं म्हणून लिहायला घेतलं. 'रिक्षावाल्याला कोण अनुदान देतं? मग बसलाच कशाला?' हे पानटपरीपासून महासभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. अहो, रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. रात्री उशिरा पिंप्राळ्याला जायचं तर 'स्पेशल' करावी लागते. बसला रिकामी असली तरी वेळेवर सुटावं लागतं. त्या रिकाम्या फेरीचे पैसे कोणीतरी भरायचे असतात, वाद एवढाच आहे.

आता हिशेब. 2023 च्या पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्र 9 मीटरच्या मिडी बसला किलोमीटरमागे 22 रुपये देतं, 12 मीटरच्या बसला 24, दहा वर्षं. ठेका किलोमीटरवर असतो; बस भरो न भरो, ठेकेदाराला ठरलेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. समजा मिडी बसचा दर 60 रुपये आणि रोजचे 200 किलोमीटर. झाले 12,000. वीज महापालिकेकडे असेल तर किलोमीटरला साधारण 0.9 युनिट, म्हणजे 180 युनिट. आठ रुपयांनी 1,440. दोन पाळ्यांचे वाहक 1,600. एकूण 15,000 च्या घरात. केंद्राचे 4,400 वजा करा, उरले 10,600. एका बसचे, एका दिवसाचे.

दहा किलोमीटरचा मार्ग धरला तर 20 फेऱ्या. फेरीला 25 माणसं, सरासरी तिकीट 12 रुपये: 6,000 आले. खड्डा 4,600 चा. पन्नास बस असतील तर वर्षाला 8.4 कोटी.

'मग तिकीट 21 करा' असं कोणीतरी लगेच म्हणतं. कागदावर खड्डा भरतो. भाडं 10 टक्के वाढलं की प्रवासी साधारण 3 टक्के घटतात, हा अमेरिकेतला जुना ठोकताळा. पण तिथे चौकाचौकात शेअर रिक्षा उभी नसते. आपल्याकडे टॉवर चौक ते अजिंठा चौफुली एवढ्या अंतराला बस रिक्षाहून महाग झाली की जवळचा प्रवासी त्याच दिवशी उतरतो, आणि फेरीत पुन्हा पुन्हा भरणारी सीट त्याचीच असते. उरतो लांबचा प्रवासी, तोही पासवाला. भारमान, म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण, पडतं, मग फेऱ्या कापतात, मग उरलेलेही जातात. म्हणजे भाड्याचं छत आधीच ठरलेलं आहे. बाकी पैसा करातूनच येणार. कोणत्या करातून आणि वेळेवर येणार का, एवढंच आपल्या हातात.

पुण्यात पीएमपीएमएलची, म्हणजे तिथल्या सिटी बस कंपनीची, तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका 60:40 ने भरतात. वाटा ठरलेला आहे, म्हणून दरवर्षी नव्याने भांडायला लागत नाही. आपल्याकडे एलबीटी (जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) 2015 मध्ये गेल्यावर महापालिका घरपट्टी आणि शासनाच्या अनुदानावर आली. मोटार वाहन कर तर राज्याकडे जातो. त्यामुळे 'सर्वसाधारण निधीतून देऊ' यावर विश्वास ठेवू नका. पगार आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं भागल्यावरच बसचं बिल निघेल. तिकिटाचा भरणा, पार्किंगचं शुल्क आणि थांब्यांवरच्या जाहिरातींचे पैसे थेट वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय पैसे न निघणाऱ्या खात्यात जावेत, ठेकेदाराचं बिल त्यातूनच निघावं. पार्किंग आधी घ्या. फुले मार्केटच्या आसपास रस्ता फुकट अडवणाऱ्या चारचाकीला अनुदान कोण देतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

सवलतीचं वेगळं. विद्यार्थी-ज्येष्ठांना सवलत जाहीर करायला हरकत नाही, पण प्रत्येकाला शून्य किंवा अर्ध्या रकमेचं तिकीट मशीनमधून निघालंच पाहिजे. एसटीत 75 वर्षांवरच्यांना असं शून्य रकमेचं तिकीट मिळतं, आणि त्याच मोजणीवर शासनाकडे मागणी करता येते. तिकीटच निघालं नाही तर वेबिलमध्ये (वाहकाच्या फेरीच्या हिशेबात) तो माणूस बसमध्ये चढलेलाच नसतो.

आणि नगरसेवकांनो, 'माझ्या प्रभागातून बस' हा हट्ट सोडा. राखीव सोडून 45 बस रस्त्यावर आहेत आणि येऊन-जाऊन 70 मिनिटं लागतात असं धरा. पाच मार्गांवर नऊ-नऊ बस लावल्या तर आठ मिनिटांना एक मिळते. पंधरा मार्गांवर तीन-तीन वाटल्या तर तेवीस मिनिटांना. मे महिन्यात 44 अंशांत तेवीस मिनिटं कोण उभं राहतं? खर्च तोच, प्रवासी निम्मे. त्या उन्हात एसीमुळे युनिटंही जास्त जातात आणि दुपारी चार्जिंगला बस आत घ्यावी लागते. डिसेंबरच्या चाचणीवर वर्षाचं विजेचं बजेट करू नका.

60 रुपये, 12 रुपये, 25 माणसं हे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या निविदेतला दर टाकून पुन्हा मांडा. धुळ्यात मार्ग छोटे निघाले तर फेऱ्या वाढतील आणि सरासरी तिकीट घटेल. भुसावळ-नंदुरबारला हे गणित लावू नका, पीएम ई-बस योजना साधारण तीन लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांची आहे. तिथे एसटीच्याच गाड्यांना शहरात दोन-तीन जादा थांबे मागून घेणं स्वस्त पडेल.