पाऊस, ऊन आणि कामावरचं मन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे हिशेब मी बघते. जुलैत झड लागली की डोळे जड होतात, एकच बेरीज तीनदा करावी लागते. मी आळशी झालेय का?

उत्तर : नाही, ताई. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. सकाळी पुरेसा उजेड मिळाला नाही, तर त्या घड्याळाला दिवस उजाडल्याचा निरोपच नीट पोचत नाही. ट्यूबलाइटखाली टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजार लक्स भरतो. म्हणून कामाला बसण्याआधी वीस मिनिटं पडवीत किंवा छत्री घेऊन बाहेर काढा, टेबल खिडकीशी सरकवा. किचकट हिशेब सकाळीच उरका. मात्र दोन आठवडे रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर पावसावर ढकलू नका. डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. एप्रिलमध्ये दुपारी पोरं एकमेकांवर खेकसतात, रिजेक्शनही, म्हणजे बाद होणारा मालही, वाढतो.

उत्तर : ते खेकसणं स्वभावाचं नाही, अंगात साठलेल्या उष्णतेचं असू शकतं. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. वळवाआधीच्या दमट हवेत तो नुसताच निथळतो. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पाणी द्या. शक्य तेवढं ओतकाम पहाटे घ्या. नव्या पोराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, पहिल्याच दिवशी त्याला भट्टीपुढं पूर्ण पाळी देऊ नका. कुणी असंबद्ध बोलू लागला, तर लगेच अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

प्रश्न : पावसात कामं रेंगाळतात. उशिरा येणाऱ्यांचा पगार कापू का?

उत्तर : कापू नका. एका जपानी बँकेच्या नोंदींवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पावसाच्या दिवशी कर्मचाऱ्यांचं काम उलट जास्त वेगानं झालेलं दिसलं. माणूस कोरडा बसला तर पाऊस आड येत नाही. रेनकोट आणि मोजे वाळत घालायला दोरी बांधा.

प्रश्न : घर पंचगंगेजवळ, शिलाईचं काम घरीच. २०१९ ला आणि २०२१ ला घरात पाणी आलं. आता चार दिवस पाऊस लागला की मशीनवर बसवत नाही, सारखी राजाराम बंधाऱ्यावर मोजलेली नदीची पातळी बघत राहते. घरचे म्हणतात, उगाच घाबरतेस.

उत्तर : उगाच कसं? ज्या घरात दोनदा चिखल उपसला, तिथं पावसाच्या आवाजानं छातीत धडधडणारच. नुसतं "घाबरू नकोस" म्हटल्यानं ती धडधड थांबत नाही. हाताला ठरलेलं काम असलं की थोडी निवते. पातळी सकाळी, दुपारी आणि रात्री अशी तीनदाच बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पण तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं, ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, त्याच्या बरंच आधीचा आकडा धरा आणि तो कागदावर लिहून भिंतीला लावा. त्याखाली कोण काय उचलणार तेही लिहा : गिऱ्हाइकांचे कपडे नावाच्या चिठ्ठीसकट प्लास्टिकच्या पोत्यात, रेशनकार्ड आणि मापांची वही डब्यात. प्रशासनाचा निरोप आला तर आकड्याची वाट न बघता निघा.

माझ्याकडे येणाऱ्या एका शिलाईवाल्या काकूंनी मे महिन्यातच मशीनचं डोकं स्टँडवरून काढून माळ्यावर चढवून बघितलं. मुलाच्या मदतीनं अकरा मिनिटं लागली. पुढं पाऊस लागल्यावर भीती गेली नव्हती, पण त्यांनी ब्लाउजला हुक लावणं थांबवलं नाही.