वाचकांचे प्रश्न : टाळेबंदीत निसर्ग खरोखर सावरला होता का?

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत भुसावळच्या आमच्या घराच्या धाब्यावरून सकाळी सातपुड्याची रांग स्पष्ट दिसत असे आणि पक्षीही वाढल्यासारखे वाटत होते. पुढे सारे पूर्ववत झाले. मग निसर्ग खरोखर सावरला होता का? दरवर्षी पंधरा दिवस सर्व व्यवहार बंद ठेवले तर लाभ होईल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण पाहिले ते खरेच होते. धुरातील सूक्ष्म कण काही दिवसांतच खाली बसतात किंवा पावसाने धुतले जातात. म्हणून २५ मार्चपासून वाहने व कारखाने थांबताच एप्रिलच्या आरंभी पंजाबातील जालंधरहून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागली. (आपल्याकडच्या उन्हाळी धूसरपणात नांगरलेल्या शेतांतून उडणारी मातीही असते, आणि ती कोणताही सरकारी आदेश मानत नाही.)

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. एप्रिल २०२० च्या आरंभी जगाचे दैनंदिन उत्सर्जन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घटले, तरी संपूर्ण वर्षाची घट ५ टक्क्यांच्या आसपासच राहिली. हतनूर धरणाचे दरवाजे बंद असताना येणारा ओघ थोडा मंदावला, तर पातळी उतरत नाही, केवळ सावकाश चढते. त्याचप्रमाणे मे २०२० मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४१७, म्हणजे तोवरचे सर्वाधिक, नोंदले गेले. मिथेनची वाढ तर त्या वर्षी अधिकच वेगाने झाली. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे घटल्यामुळे हवेत मिथेनचा नाश करणारे हायड्रॉक्सिल हे घटकही कमी झाले, हे त्याचे एक कारण मानले जाते.

पक्ष्यांची संख्या काही आठवड्यांत वाढत नसते. वाहनांचा गोंगाट थांबल्याने ते ऐकू येऊ लागले, एवढेच. सॅन फ्रान्सिस्कोतील चिमण्यांसारखे काही पक्षी तर त्या शांततेत हळू आवाजात गात असूनही अधिक दूरवर ऐकू जात होते, असे अभ्यासकांना आढळले. हतनूरवर हिवाळ्यात उतरणारे बहुतेक पाहुणे पक्षी तोवर उत्तरेकडे परतलेलेही असतात. वन्यप्राण्यांना मात्र ती शांतता लाभली असे सरसकट म्हणता येत नाही, कारण वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या पाहणीनुसार देशात शिकारीच्या नोंदलेल्या घटना टाळेबंदीपूर्वीच्या सहा आठवड्यांतील ३५ वरून नंतरच्या सहा आठवड्यांत ८८ वर गेल्या.

दरवर्षीचा बंद आम्ही सुचवणार नाही. सोळाव्या दिवशी तीच इंजिने, त्याच चुली आणि दीपनगरच्या वीज केंद्रातील तोच कोळसा पुन्हा पेटेल. शिवाय त्या बंदचा भार कोणी वाहिला, हे धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाने मे महिन्याच्या उन्हात मुलाबाळांसह गावाकडे पायी निघालेल्या मजुरांना पाहून कळले होते. सातपुडा पाहण्याची इच्छा असेल तर पहिल्या दमदार पावसानंतर उघडीप पडलेल्या सकाळी धाब्यावर जावे. तेव्हाही हवेतले कण धुऊन निघालेले असतात.