'रोजची भाकर': पाव का नाही, आणि 'आज' कशाला?

चेंबूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीला त्या गेल्या होत्या. तिथे मराठीतून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, झाली आणि त्यातली एक ओळ त्यांच्या डोक्यात राहिली : 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' त्या विचारतात, 'मूळ शब्द ब्रेड आहे ना, मग पाव का नाही? भाकर फारच गावाकडची वाटते, त्यापेक्षा अन्न बरं नव्हे का? आणि एकदा रोजची म्हटल्यावर पुन्हा आज कशाला?'

ही ओळ मी बोलता येऊ लागल्यापासून म्हणत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी ब्रेडचं. तो इंग्रजी भाषांतरातला शब्द. बायबलच्या नव्या करारात येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:११) ही ओळ ग्रीकमध्ये आहे आणि तिथला शब्द आहे 'आर्तोस'. येशूच्या गावाकडे खात ती गव्हाची नाहीतर जवाची, गोल, चपटी, हाताने मोडून खायची वस्तू. जवाची गरिबाघरची. पाच हजारांना जेवू घातलं त्या प्रसंगी मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या, हे दुसरा शुभवर्तमानकार योहान मुद्दाम सांगतो. आपल्याकडे तिला सगळ्यात जवळचं काय, तर भाकरच.

पाव हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला. वडापावाने तो मुंबईचा पक्का रहिवासी झाला असला, तरी नव्या कराराचं मराठी भाषांतर १८११ मध्ये बंगालात सेरामपूरला छापलं गेलं आणि १८२६ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत नवं छापलं, तेव्हा पाव मराठी घरातल्या चुलीवर होत नव्हता. शिवाय विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी कोकणपट्टीत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात. पाव म्हटलं असतं तर ही प्रार्थना मराठी माणसाला परक्याच्या ताटातली वाटली असती, असं माझं मत आहे. भाकर आपल्याच तव्यावरची.

एका ठिकाणी मात्र भाकर तोकडी पडते. बायबलमध्ये 'बेखमीर भाकर' येते, म्हणजे खमीर (पीठ फुगवणारं आंबवण) न घालता केलेली. आपली भाकरी मुळातच बिनखमिराची, म्हणून त्या विशेषणाशी मराठी वाचक थबकतो. थोडंसं खमीर सगळा गोळा फुगवतं, हे नव्या करारातल्या पत्रांत पौलाने लिहिलेलं वाक्य बेकरीतल्या माणसाला चटकन कळेल, भाकरी थापणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागेल.

आता अन्न. शब्द चांगला आहे, पण त्यात भूक ऐकू येत नाही. 'दोन वेळची भाकर मिळते ना?' असं आपण भात खाणाऱ्यालाही विचारतो, आणि भाकर म्हणजे सगळं जेवण हे त्याला बरोबर कळतं. हिब्रूतल्या 'लेहेम'चंही असंच आहे, भाकर आणि अन्न दोन्ही. येशूचा जन्म झाला त्या बेथलेहेमचा अर्थच भाकरीचं घर. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू भाकर घेतो, मोडतो आणि शिष्यांना देतो. अन्न मोडता येत नाही.

खरी गंमत 'रोजची'मध्ये आहे. तिथला ग्रीक शब्द 'एपिऊसिओस' नव्या करारात दोनदाच येतो, मत्तयात आणि लूकमध्ये, दोन्हीकडे याच प्रार्थनेत. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ऑरिजेन, त्याची तर मातृभाषा ग्रीक. त्यानेही लिहून ठेवलं की हा शब्द विद्वान वापरत नाहीत, लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. पुढे जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये 'रोजची' ठेवलं आणि मत्तयात त्याच शब्दाचा अर्थ 'द्रव्यापलीकडची', म्हणजे साध्या पदार्थापलीकडची, असा केला. आजच्या दिवसाची, येत्या दिवसाची, जगण्यापुरती, असे अर्थ अभ्यासक अजून लावत असतात.

मराठीत 'रोज' आला फारसीतून. तिथे त्याचा अर्थ दिवस. आपण त्याला आणखी एक अर्थ दिला : दिवसाची मजुरी. रोज मिळाला, रोज बुडाला, रोजावर गेला. 'रोजची भाकर' म्हणताना 'रोजाची भाकर' शेजारीच उभी असते, एका कान्याच्या अंतरावर. भाषांतरकारांच्या हे मनात होतं असं मी म्हणत नाही. पण आमच्या घरात ती ओळ तशीच ऐकली जायची.

माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाल्याने सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नसेल तर आत घ्यायचे, नाहीतर घरी परत. परत आले की आजी काही विचारायची नाही. 'आज रोज नाही पडला,' एवढं तेच सांगत आणि डबा तिच्या हातात देत. डब्यातलं दुपारी आम्ही मुलं खायचो. त्या संध्याकाळी भाकऱ्या नेहमीइतक्याच व्हायच्या, पण आजी त्या तळहाताएवढ्या थापायची. मग भायखळ्याच्या त्या खोलीत कंदिलाएवढ्या बल्बाखाली सगळे उभे राहून हीच ओळ म्हणायचो.

म्हणून ताई, 'आज' ही पुनरुक्ती नाही. 'रोजची लोकल आज चुकली' या वाक्यातला 'आज' कुणाला जास्तीचा वाटत नाही. 'रोजची' हे किती ते सांगतं, एका दिवसापुरती. 'आज' हे कधी ते सांगतं. लूकने आपल्या पाठात (११:३) 'आज'च्या जागी 'दररोज' घेतलं आहे. मत्तयाचा 'आज' अधिक निकडीचा आहे आणि मला तोच जवळचा वाटतो. बायबलच्या जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, पडतो, तोही एका दिवसापुरताच गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडतात. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 'आमची' आणि 'आम्हांला' याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत आमची आणि आपली यांना एकच शब्द. मराठीत 'आपली' म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. 'आमची' म्हटलं की तो बाहेर राहिला. प्रार्थनेत ऐकणारा देव आहे, त्याला भाकर लागत नाही, म्हणून 'आमची'च बरोबर. आणि ती 'माझी' नाही. मत्तयातच पुढे (अध्याय २०) द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो दिवसभर बाजारात फेऱ्या मारून मजूर आणतो. दिवस मावळायला तासभर उरला तरी काहीजण तिथेच उभे असतात. का, असं विचारल्यावर म्हणतात, कुणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही तो पूर्ण दिवसाचा दीनार देतो. सकाळी आठला मुंबईतल्या कुठल्याही मजूर नाक्यावरून जा. थापी, रंगाचे ब्रश, घमेली घेऊन माणसं उभी असतात. अकरानंतरही त्यातली काही तिथेच असतात. 'आम्हांला' या शब्दात तीही येतात.