स्कूटरचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकचे एक वाचक लिहितात: "वडील 72 वर्षांचे, चालायला त्रास होतो म्हणून घेतलेली बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर तीन वर्षं जुनी. चार्ज फुल दाखवते, सपाटीवर चालते, पण सोसायटीच्या रॅम्पवर मध्येच बंद. दुकानदार म्हणतो मोटर गेली, नवीन घ्या, 1 लाख 10 हजार, हप्त्यावर. मेकॅनिक म्हणतो बॅटऱ्या बदला, 14 हजार. काय करू? वडिलांची 10 लाखांची एफडी मोडून बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड इन्कम प्लॅन ही विमा पॉलिसी दिलीय, वर्षाला 2 लाख, पाच वर्षं भरायचे, सातव्या वर्षानंतर दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं मिळणार. वडिलांचं वय बसत नाही म्हणून विमा माझ्या नावावर. पहिले 2 भरले, पॉलिसी येऊन 17 दिवस झाले. त्यातून स्कूटरचे हप्ते निघतील ना?"

नाही निघणार. तुम्हीच लिहिलंय की सातव्या वर्षानंतर दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं. म्हणजे पहिला रुपया येईल तेव्हा वडील 79चे! 10 चे 15 ऐकायला छान वाटतं पण हिशोब केला तर जेमतेम सव्वाचार-साडेचार टक्के पडतात, अहो मोडलेली एफडी याच्यापेक्षा बरी होती. आणि वडिलांचं वय बसेना म्हणून विमा तुमच्या नावावर काढलाय, पैसा त्यांचा, कव्हर तुमचं, कमिशन तिसऱ्याचं.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुदत, तुमचे 13 उरलेत. मॅडमना फोन करत बसू नका, त्या "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत दिवस घालवतील. थेट विमा कंपनीला रद्दचा अर्ज द्या, ईमेलपण करा, पोच घ्या. स्टँप ड्युटी वगैरे किरकोळ कापून 2 लाख परत येतात. मग लाखभर सेव्हिंगला ठेवा, 9 लाख वडिलांच्या नावे पोस्टात सिनियर सिटीझन स्कीममध्ये टाका, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला साधारण साडेअठरा हजार.

आता स्कूटर. सपाटीवर चालते आणि चढावर बसते म्हणजे बहुतेक बॅटरीच. आत 12 व्होल्टच्या दोन असतात, उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग काटा फुल दाखवतो आणि लोड आला की व्होल्टेज धाडकन खाली. मेकॅनिकला मल्टिमीटर लावून रॅम्पवर बघायला सांगा, एखादी 12.7 वरून 11 च्या खाली गेली तर दोन्ही एकदम बदला, एक जुनी एक नवी चालत नाही. 14 हजार, रोख, हप्ता नाही. आणि पावसाळ्यात गाडी नुसती उभी असली तरी महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावा.